दोन आवाज घ्या, हात परत द्या

मी लोकांना पाठीमागून ओळखतो. वर्धेच्या बाजारात कोणी समोरून येऊन "काय ब्रदर, ओळखलं का?" म्हणालं की मी नुसता हसतो. तो वळून चार पावलं चालला की मग मला नाव, गाव, उजवी बाजू की डावी, सगळं आठवतं. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागातून परिचारक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची ही विद्या आहे. ज्यांना रोजची गोळी घेणं जमत नाही, किंवा घ्यायचीच नसते, त्यांना महिन्यातून एकदा कमरेत इंजेक्शन द्यायचं, हे माझं मुख्य काम. औषध तेलकट असतं, सुई जाड असते आणि मी बोलका आहे. तिन्ही गोष्टींचा पेशंटला त्रास व्हायचा. तक्रार मात्र पहिल्या दोनचीच करता यायची.

माझी ख्याती अशी होती की कितीही अडून बसलेला पेशंट असो, ब्रदर त्याला बोलण्यात गुंतवून सुई टोचणार. ख्याती मीच पसरवली होती, त्यामुळे ती खरी मानायला हरकत नाही. फक्त एकदा एक इस्त्रीचा शर्ट घातलेला, पायात बूट असलेला माणूस एका विस्कटलेल्या, दाढी वाढलेल्या माणसाला घेऊन आला. शर्टवाला गंभीरपणे म्हणाला, "याले द्या. लय त्रास देते घरी." मी दाढीवाल्याला पडद्यामागे नेलं, पावसापाण्याच्या गप्पा केल्या, पालथा झोपवला, स्पिरिटचा बोळा फिरवला. तेव्हा तो ओरडला, "अवो ब्रदर, मी त्याचा साळा होय! पेशंट तो हाय, तो!" शर्टवाला तोवर एसटी स्टँडवर पोचला होता. त्याला गाठून आणलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुमी विचारलंच नाई मले." बरोबरच होतं. पेशंटला विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

ही पद्धत जरा समजावून सांगतो. स्किझोफ्रेनिया म्हणजे लोकांना वाटतं तसं दोन माणसं एका अंगात राहणं नव्हे. कोणी बोलत नसताना बोलणं ऐकू येतं. शेजारी खोकला तरी तो आपल्यालाच इशारा आहे असं वाटतं, आणि हे वाटणं इतकं पक्कं असतं की घरच्यांनी शपथा घातल्या तरी हलत नाही. औषधाने हे आवाज मंदावतात, पुष्कळांचे थांबतात. हे खरं आहे, आणि औषध नसतं तर काय झालं असतं तेही मी पाहिलेलं आहे. पण आवाज बंद करायला निघालेलं औषध वाटेत आणखी बरंच काही बंद करत जातं. हात कापतात, अंग लाकडासारखं होतं, तोंडातून लाळ गळते, वजन वाढतं, झोप येते आणि उठल्यावर काही करावंसं वाटत नाही. हे आम्ही नातेवाइकांना "थोडंफार होतं, सवय होते" या एका वाक्यात सांगायचो. मग पुढच्या महिन्यात पेशंटकडे बघत नातेवाइकाला विचारायचो, "कसा आहे?" नातेवाईक म्हणायचे, "शांत हाय जी." झालं! शांत म्हणजे सुधारला. त्या न्यायाने आमच्या दवाखान्यात सगळ्यात सुधारलेला कोण असेल, तर कोपऱ्यातला पाण्याचा माठ.

सेलूला आठवड्यातून एकदा आमचं पथक जायचं. तिथे माझा सगळ्यात सुधारलेला पेशंट होता सुधाकर. नाव बदललं आहे, पण सेलूचे लोक ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही.

सेलूच्या बाजारात दोघा भावांचं कापडाचं दुकान. मोठे मनोहरभाऊ गादीवर, धाकटा सुधाकर काउंटरवर. साडी दाखवण्याचं सुधाकरचं एक तंत्र होतं. घडी दोन बोटांत धरायची, मनगटाला एक झटका द्यायचा, की साडी हवेत उघडून काठ समोरच्या बाईपुढे सरळ रेषेत पडणार आणि पदर नेमका तिच्या गुडघ्याशी येऊन थांबणार. बाईने साडी हातात घेण्याआधीच ती तिची झालेली असे. लग्नाचा बस्ता काढायला आसपासच्या गावांतले लोक नागपूरची बस सोडून सेलूला उतरत, ते या मनगटासाठी. आजार त्याला तरुणपणीच लागला. औषधाने तो चांगला झाला, चांगला झालो म्हणून त्याने औषध सोडलं, आणि एका भर बाजाराच्या दिवशी दुकानातल्या साड्या रस्त्यावर फेकल्या. घड्यांच्या आत माणसं बसून बोलतात, असं त्याचं म्हणणं होतं. मनोहरभाऊ रस्त्यावरून साड्या गोळा करत होते आणि आई दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर तो भरती झाला आणि तिथून महिन्याच्या इंजेक्शनवर, म्हणजे माझ्या ताब्यात आला.

आवाज गेले. मनगटही गेलं. त्याने झटका दिला की साडी ओल्या टॉवेलसारखी जागच्या जागी पडायची. बायका आधी हसायच्या, मग हसणं दाबायच्या, आणि दाबलेलं हसणं जास्त दिसतं. मनोहरभाऊंनी त्याला मागे घड्या घालायला बसवलं. घड्याही वाकड्या यायला लागल्यावर कूलरजवळच्या खुर्चीवर बसवलं. गिऱ्हाईक आलं की पाणी विचारायचं, एवढं काम. "आराम करते बिचारा," असं घरचे म्हणत. मीही मान डोलवून म्हणत असे, "शांत आहे."

एकदा इंजेक्शन झाल्यावर पँट सावरत तो मला म्हणाला, "ब्रदर, खरं सांगू का? ते बोलणारे भाडेकरू गुंडे होते. तुमी हाकलले ते बरं केलं. पण घर खाली करता करता मालकालेई बाहेर काढलं."

मी काय केलं? मी हसलो. वा, काय बोललास, म्हटलं. आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की सेलूचा कापडवाला फार मजेशीर बोलतो. दवाखान्यातलं घरी बोलायचं नसतं, हा नियम मी नव्या सिस्टर-ब्रदरना दरवर्षी शिकवत असे.

पुढे सुधाकरला एक नवीच गोष्ट सुरू झाली. तो खुर्चीवर बसेना. बसला की पाय हलायचे. उभा राहिला की जागच्या जागी कवायत. मग तो चालायला लागला. सकाळी दुकानातून निघायचा आणि सेलूहून थेट केळझरला, गणपतीच्या टेकडीपर्यंत पायी. दर्शन घेऊन परत. एकदा, मग रोज, मग दिवसातून दोनदा. सेलूभर झालं की सुधाकरला बाप्पाने वाटेवर आणलं. वाटेतल्या टपरीवाले त्याला चहा पाजू लागले. एका बाईने आपल्या नातवाला त्याच्या पाया पडायला लावलं. मनोहरभाऊंच्या घरी उपासाचं खाणं वाढलं. मी तर खूशच झालो. "चालणं चांगलं, वजन उतरेल," असं त्याला सांगून मी त्याची पाठ थोपटली.

तो म्हणाला, "ब्रदर, मी देवासाठी नाई चालून राह्यलो. पाय बसू देत नाईत म्हणून चालतो. केळझर रस्त्यात येते म्हणून दर्शन होते."

याचा अर्थ मी माझ्या अनुभवी डोक्याने असा काढला की बेचैनी वाढली आहे, म्हणजे आजार उसळतो आहे. तसं मी डॉक्टरांना कळवलं. तेव्हाच्या डॉक्टरांचा माझ्यावर फार विश्वास होता, हे त्यांचं दुर्दैव. इंजेक्शनचा डोस वाढला. सुधाकर आणखी चालू लागला. मी पुन्हा कळवलं. पुन्हा डोस वाढला. केळझरच्या गणपतीच्या भक्तांमध्ये त्या वर्षी जी वाढ झाली, तिच्यात माझा वाटा मोठा आहे.

माझे डोळे उघडले ते एका लग्नातल्या रसमलाईने. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. वर्धेला लागून सिंदी मेघेला माझं घर, जवळच एक दवाखाना आहे, तिथे मला उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं. उलटी थांबली आणि दुपारी माझे पाय सुरू झाले. कसं सांगू? दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. आत कोणी तरी घाईत होतं. पलंगावर पडलो की उठावं, उठलो की चालावं, चाललो की पळावं आणि पळून कुठे जावं ते कळू नये. आपलंच कातडं आपल्याला एक माप लहान झालं आहे, असं वाटत होतं. अंगणात फेऱ्या घातल्या, मग गल्लीत. शेजारचे निवृत्त मास्तर फाटकातून कौतुकाने म्हणाले, "चांगलं करून राह्यले जी. वॉकिंग पायजेच या वयात."

त्यांना मारावंसं वाटलं. मग आठवलं की हे वाक्य मी कुठे तरी ऐकलं आहे. आपल्याच तोंडून.

घरात बायको दारात उभी होती. "बसा न जी एका जागी! चक्कर येते तुमच्याकडे पाहून."

"बसता येत नाही!"

"त्या तुमच्या सेलूच्या कापडवाल्यासारखं करून राह्यले." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्याचा आजार वाढला म्हणत होते न तुमी? मंग तुमचाई वाढला का? फोन लावू का तुमच्या साहेबाले, डोस वाढवा म्हणून?"

या त्रासाला पुस्तकात अकाथिसिया म्हणतात. औषधानेच होतो, उलटीच्या काही औषधांनी होतो, तसाच आमच्या औषधांनीही. हा शब्द मी नर्सिंगच्या परीक्षेत एकही अक्षर न चुकता लिहिला होता आणि त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. त्यानंतर सेलू ते केळझर रस्त्यावर तो माझ्यासमोरून दर आठवड्याला चालत गेला आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझे पाय संध्याकाळपर्यंत थांबले. सुधाकरचे दोन वर्षं चालत होते.

सेलूला तोवर नव्या डॉक्टर मॅडम यायला लागल्या होत्या. पुण्याकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना सगळं सांगितलं. रसमलाईसकट. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

सुधाकर आला, संगे मनोहरभाऊ. मॅडमनी विचारलं, "काय त्रास होतो?" मी उत्तर द्यायला लागलो. त्याच वेळी मनोहरभाऊही द्यायला लागले. मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना विचारलंय."

सुधाकरने आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं. परवानगी घेतात तसं. मग टेबलावर कापणारे हात ठेवले.

"मॅडम, माह्याजवळ तिघं बोलत. एक शिव्या दे. एक हुकूम सोडे, हे फेक, ते जाळ. आन तिसरा गरीब होता बिचारा. गिऱ्हाइकाकडे पाहून नुसता काईबाई सांगे. हे बाई घेत नाई, नुसती पाह्यते, असं. तुमच्या औषधानं तिघंई गेले. त्याच्यासंगं माहे हात गेले, पाय गेले. हसू येत नाई. सपन पडत नाई. जेवलो का नाई, हे ताट पाहून समजते."

"मग तुम्हाला काय हवं?"

"पहिले दोघं घेऊन जा. तिसऱ्याचं मी पाहून घेईन. त्याच्या बदल्यात हात परत द्या."

"अबे, हे काय साड्याचं दुकान होय का, भाव करून राह्यला मॅडमसंगं!" मनोहरभाऊ उठूनच उभे राहिले.

"दुकानच तं येते मले भाऊ," सुधाकर म्हणाला. "दुसरं काय येते?"

मी इतक्या वर्षांत डॉक्टरशी घासाघीस करणारा पेशंट पाहिला नव्हता. आमच्याकडे सगळा एकच भाव. घ्यायचं तर घ्या, नाही तर आणून टोचतो. पण मॅडम चक्क भाव करायला बसल्या.

"निवडून आवाज काढायची सोय माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "हे औषध हळूहळू कमी करू, दुसरं सुरू करू. पाय थांबतील, हात बरेचसे मोकळे होतील. अगदी पहिल्यासारखे होतील, असं मी म्हणणार नाही. वजन वाढेल, साखर तपासत राहावी लागेल. आणि कोणता आवाज परत येईल, येईल की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही."

"म्हणजे माल न पाह्यता घ्यायचा."

"हो. पण पटला नाही तर बदलून मिळेल. एकच अट आहे. मनाने औषध सोडायचं नाही, आणि हुकूम सोडणारा आला तर त्याच दिवशी मला सांगायचं."

"तो आला तं मीच पळत येतो मॅडम. तुमाले गाडी धाडायची गरज नाई पडत."

सौदा झाला. बाहेर आल्यावर मनोहरभाऊंनी मला निंबाखाली धरलं. "ब्रदर, तुमचं काय जाते? साड्या मी उचलल्या होत्या. पब्लिक पाहून राह्यली होती आन माय दारात. त्या दिवसापासून ते दुकानात आली नाई." मग जरा थांबून म्हणाले, "आता मॅडमनं म्हटलं तं पाहू. येत्या लग्नसराईत उभा करतो त्याले काउंटरवर. पण काई झालं न, तं पयलेचंच इंजेक्शन. आन मंग काउंटरचं नाव काढायचं नाई. कायमचं."

हे सुधाकरच्या समोरच बोलले. सुधाकर म्हणाला, "मंजूर."

काही महिन्यांत पाय थांबले. केळझरची वारंवार होणारी वारी बंद पडली, आणि सेलूत हळहळ झाली की सुधाकरची भक्ती आटली. पोट वाढलं, शर्टाच्या गुंड्या ताणल्या, दुपारी डोळे मिटायला लागले. हात मोकळे झाले, पण पूर्ण नाहीत. बोटांच्या टोकांशी थोडी थरथर राहिली. एका इंजेक्शनच्या दिवशी, म्हणजे आता इंजेक्शन नव्हतंच, रोजची गोळी होती, नुसता भेटायला आला होता, तेव्हा त्याने मॅडमना सांगितलं, "तिसरा आला. हळू बोलते. झोपायच्या वक्ती कधी कधी तरास देते, पण ठीक हाय." मॅडमनी बराच वेळ त्याला प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "चालेल. पण लक्ष ठेवू."

त्यानंतर मी निवृत्त झालो. लग्नसराई आली तेव्हा पुतणीच्या लग्नाचं निमित्त होतं, म्हणून बायकोला घेऊन सेलूला गेलो. खरं तर मनोहरभाऊंचा फोन होता: "येऊन बसा न ब्रदर, तुमाले समजते." म्हणजे मी गिऱ्हाईक बनून पाळत ठेवायची. वर्षानुवर्षं चुकीची पाळत ठेवलेल्या माणसावर त्यांचा इतका विश्वास बघून मला भरून आलं.

मे महिना. कूलर नुसता आवाज करत होता. बस्त्याला एक मोठी पार्टी आलेली होती. नवरी, तिची आई आणि तिची एक धिप्पाड आत्या. निर्णय आत्याकडे होते, हे आत शिरतानाच कळलं. आम्ही दोघं कडेला बसलो. काउंटरमागे सुधाकर, गादीवर मनोहरभाऊ. मनोहरभाऊ गल्ल्याकडे बघत नव्हतेच. धाकट्याच्या हाताकडे बघत होते.

सुधाकरने पहिली घडी दोन बोटांत धरली आणि झटका दिला. साडी उघडली, पण काठ जरा तिरका पडला आणि पदर गुडघ्यापर्यंत न पोचता मध्येच थबकला. आत्याची नजर साडीवर नव्हती.

"हात काऊन कापते जी तुमचा?"

मनोहरभाऊ गादीवरून अर्धे उठले.

"गोळीनं कापते बाई," सुधाकर म्हणाला. "रंग नाई उतरत त्याच्यानं साडीचा."

नवरी खुदकन हसली. आत्याही हसली. मनोहरभाऊ बसले. माझ्या बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. कशाबद्दल ते तिलाही माहीत नसावं. दुसरी साडी जरा बरी पडली. तिसरी सरळ पडली. मग चौथी घडी हातात घेतली आणि सुधाकर थांबला.

मान जराशी डावीकडे, नजर कोणावरच नाही. ही मान मी आयुष्यभर पाहिली आहे. माणूस ऐकत असतो तेव्हाची. मनोहरभाऊंनीही ती ओळखली असणार, कारण ते पुन्हा उठत होते, आणि या वेळी अर्धे नाही. आत्या वाट बघत होती. मागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. सुधाकर तसाच, घडी हातात. कोण बोलतं आहे त्याच्याशी? तिसरा, की दुसरा?

मनोहरभाऊ पूर्ण उभे राहिले, तोंड उघडलं, आणि माझी खात्री होती की आता ते म्हणणार, बस जरा, आराम कर. घरात त्याच्याशी सगळे असंच बोलायचे. आजारी माणसाला कोणी घाई करत नाही. पण लग्नसराई होती, दुकान भरलेलं होतं, आणि त्यांच्यातला दुकानदार त्यांच्यातल्या भावाच्या आधी बोलून गेला.

"अबे सुध्या, काय पाहून राह्यला? गिऱ्हाईक उभं हाय न! वरची थप्पी काढ, लवकर!"

सुधाकर वळला. कपाळाला आठ्या, कामात व्यत्यय आलेल्या माणसाच्या.

"भाऊ, एका टायमाले एकानंच बोला न! तो म्हणते हिरवी दाखव, तू म्हणते वरची थप्पी काढ. मी कोनाचं ऐकू?"

हा 'तो' कोण, हे दुकानात मी, मनोहरभाऊ आणि माझी बायको, अशा तिघांनाच कळलं. बाकीच्यांना 'तो' म्हणजे मागे कामाला असलेला कोणी माणूस वाटला असावा. आत्याने नवरीच्या रंगाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि निकाल दिला.

"बरोबर म्हणते तो. हिरवीच दाखवा."

मनोहरभाऊ माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघू लागलो. माझा सल्ला घ्यायचा काळ संपलेला होता. शेवटी ते हळूच गादीवर बसले, गल्ल्याचा ड्रॉवर विनाकारण उघडून बंद केला, आणि म्हणाले,

"दाखव न मंग हिरवी."